निळ्या गाडीचं हिरवं दार

हिलाल आबा कुठेही बसले तरी उजव्या बाजूला बसत. ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर. रिक्षात त्यांना डावीकडे बसावं लागलं तर त्यांचा उजवा पाय अस्वस्थ व्हायचा आणि समोर गाय आडवी आली की रिक्षावाल्याच्या आधी आबा ब्रेक दाबायचे. पायाखाली ब्रेक नसायचा, पण दाबायचे. गल्लीत कोणीही गाडी मागे घेताना दिसलं की हातातलं काम टाकून आबा रस्त्यावर जात आणि तळहात हलवत ओरडत, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस!" त्यांनी "बस" म्हटल्यावर गाडी थांबली नाही असं मी कधी पाहिलं नाही.

धुळ्यात देवपूरला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी कॉलेजची तीन वर्षं राहिले. खोली मिळाली ती वेणूअक्कांमुळे. अक्का म्हणजे आबांची बायको. त्यांचं माहेर चोपड्याकडे, आमच्या शेजारच्याच गावात. माझे वडील केळीच्या गाड्या भरायचं काम करतात. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वडील मला सोडायला आले तेव्हा ओट्याच्या खालीच उभे राहिले, वर येईनात. आबांनी त्यांना हात धरून वर आणलं, स्वतः उजवीकडे बसले, त्यांना डावीकडे बसवलं आणि म्हणाले, "भाऊ, पोर वेणूना माहेरनी शे, म्हंजे मना सासरनी शे. सासरना मानूसले मी नाही म्हनू शकतो का?"

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी फाटकापर्यंत जाऊन परत आले. आत सगळे एकमेकांना ओळखत होते असं मला वाटलं. आबा ओट्यावर होते. मला परत आलेलं पाहून म्हणाले, "पहिला गेर टाक पोरी. चौथा गेर कोनीच पहिल्यांदा टाकत नही." मी पुन्हा गेले. पुढे तीन वर्षं, परीक्षेला निघताना, ऑफिसात चौकशी करताना, वर्गात उभं राहून बोलताना मी मनातल्या मनात पहिला गेर टाकत आले.

आबा आयुष्यभर एका जिनिंगमध्ये ड्रायव्हर होते. कापसाच्या गाठींसाठी ट्रक होते, आणि सरकी, सुटे भाग, मुनीम, कधी शेठच्या घरची मंडळी असं सगळं वाहायला एक पिकअप होती. पुढे तीन माणसांची सलग सीट, मागे उघडा हौद, डोळ्यांसारखे गोल दिवे. ती आबांकडे होती. गाडीविषयी ते जनावराविषयी बोलावं तसं बोलत. "थंडीमा ती उठे नही. तिच्याशी बोलनं पडे."

त्यांच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मीही ती इतक्यांदा ऐकली की आता मला तिथे हजर असल्यासारखं वाटतं. आबांच्या लग्नाची गोष्ट. वरात आणायला शेठने पिकअप दिली, चालवायला दुसरा ड्रायव्हर दिला. पण निघायच्या वेळेला चोपड्याच्या बाजूला गाडी काही सुरू होईना. दुसऱ्या ड्रायव्हरने हात टेकले. शेवटी नवरदेव स्वतः मुंडावळ्या बाजूला सारून गाडीशी बोलायला बसले. गाडी उठली. मग ती पुन्हा बंद पडू नये म्हणून तेच चालवत राहिले. शेजारी करवली, करवलीच्या पलीकडे नवरी. नवरीने हळदीच्या पिवळ्या लुगड्याचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. तिला वाटलं, नवरदेव मागे हौदात पाहुण्यांबरोबर असणार. तापीचा पूल ओलांडल्यावर तिला मळमळायला लागलं, आणि ती पदराआडून म्हणाली, "ड्रायव्हर भाऊ, हळू चालाडा."

"पहिला शब्द मनासंगे, नवरासंगे बोलनी," आबा सांगत, "आन् तो बी भाऊ!"

गोष्ट इथे आली की सगळे हसत. अक्का कुठेही असल्या, गॅसपाशी किंवा अंगणात, तिथून म्हणत, "बस करा ना आता. किती वेळ सांगशात?" आणि आबा त्यांच्याकडे बघून म्हणत, "पन हळू चालाडी का नही मी? बठ्ठा जन्म हळू चालाडी."

मी राहायला गेले तेव्हा अक्का विसरायला लागल्या होत्या. आधी दुधाचं पातेलं गॅसवर विसरत. मग माझं नाव. मग शेवग्याच्या शेंगा विकणारीला रोज नव्याने विचारत, "तू कोना गावनी?" जळगावहून त्यांची मुलगी कल्पनाताई दर रविवारी येई. तिनेच जळगावच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं की हे मागे येत नाही, फक्त हळू पुढे जाईल एवढंच बघायचं. आबा मान डोलावत राहिले. परत आल्यावर मला म्हणाले, "हळू जाई, असं म्हने डॉक्टर. हळू तं हळू."

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर अक्का रोज संध्याकाळी लुगड्याची घडी काखेत घेऊन ओट्यावर येऊन बसू लागल्या. "माले घर पोचाडी द्या." आबा म्हणत, "हाईच घर शे वं." त्या म्हणत, "नही. गाडी येई माले लेवाले." आणि एक दिवस आबांनी हात धरून त्यांना आत न्यायला पाहिलं तर त्या दचकून मागे सरल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, या ड्रायव्हरले सांग, हात नको लावू म्हना."

त्या दिवशी आबा ओट्यावर डावीकडे बसले. माझ्या लक्षात आलं ते तेवढंच. मी दोन पोळ्या जास्त केल्या आणि खाली नेऊन दिल्या.

जिनिंग कधीच बंद पडलं होतं. पिकअप तिथल्या आवारात निंबाखाली वर्षानुवर्षं पडून होती. भंगारवाला येणार होता. आबा शेठच्या नातवाकडे गेले आणि त्याने ती देऊन टाकली. ट्रॅक्टरला बांधून ती गल्लीत आली तेव्हा आबा स्टिअरिंगवर होते. बॉनेटवर चिमण्यांची घाण होती, एक दिवा फुटलेला होता. गल्लीतली मुलं मागे धावत होती.

कल्पनाताई रविवारी आली, ते धूड अंगणात पाहिलं आणि पिशवी हातातच ठेवून म्हणाली, "आबा, हे काय?"

"तुना मायनी गाडी. तिले रंग मारसू, पहिलेसारखा."

"आईला औषधाची गरज आहे आबा. भंगाराची नाही."

"औषध चालूच शे. रंग काय औषधले आडवा येस का?" मग जरा थांबून ते म्हणाले, "दख कल्पना. तिले जी गाडी याद शे, ती गाडी दारशी उभी ऱ्हायनी का ती बसी. बसनी का तिले याद येई, चालाडनारा कोन व्हता ते."

कल्पनाताईने पदराने गाडीच्या दाराचा तळहाताएवढा भाग पुसला. खाली तपकिरी रंग होता.

इंजिन एका ओळखीच्या मेकॅनिकने चालतं केलं. रंगाचं काम युसूफ मिस्त्रींकडे. ते जिनिंगच्या वेळेपासूनचे आबांचे दोस्त. हायवेला त्यांचं पत्र्याचं शेड होतं, पण या कामाला ते कॉम्प्रेसर घेऊन अंगणातच आले. दोघे मिळून पाणपेपरने, म्हणजे पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने, गाडी घासत. तपकिरी निघाला, त्याखाली पांढरा निघाला, त्याखाली विटकरी. जिनिंगमध्ये ज्याने त्याने आपल्या मर्जीने गाडीला रंग फासलेला होता. आणि सगळ्यांत खाली, दाराच्या कोपऱ्यात, नखाएवढा निळा निघाला. खिडकीच्या वर, छताकडे, दुधावरच्या सायीसारखा.

आबा पळतच आत गेले आणि अक्कांना घेऊन आले. "दख. खाले निळा, वर साय. मी म्हनू ना? दख."

अक्कांनी त्या निळ्या ठिपक्याला बोट लावलं. "हाई ती नही," त्या म्हणाल्या. "ती खाले हिरवी व्हती. केळना कवळा पानागत. वर पिवळी."

"वेणू, मी बठ्ठा जन्म चालाडी ती गाडी."

"तुम्हीन चालाडी व्हई. बसेल मी व्हतू."

युसूफ मिस्त्री हसले. "भाभी सही बोल रही है आबा. चलानेवाला रस्ता देखता है, गाडी कहाँ देखता है?"

आबा हसले नाहीत. त्यांनी ठरवलं होतं तेच केलं. ठोकलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा घासलं, अस्तर मारलं. आधी वरची साय. ती वाळल्यावर खिडकीच्या खालच्या काठाला धरून टेप लावली, वरचा सगळा भाग वर्तमानपत्रांनी झाकला आणि मग खालचा निळा मारला. अर्धी गाडी बातम्यांनी गुंडाळलेली, आणि आबा चष्मा लावून तिच्याभोवती फिरत जुन्या बातम्या वाचताहेत, असं ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. टेप काढायच्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. टेप हळूहळू निघत गेली आणि दोन रंगांच्या मधली रेघ गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ उघडी झाली. गाडी खरंच सुंदर दिसत होती. मी तसं म्हणाले. आबा म्हणाले, "तू नको सांगू. तिले सांगू दे."

संध्याकाळी अक्का लुगड्याची घडी घेऊन बाहेर आल्या. आबांनी डाव्या बाजूचं दार उघडून धरलं. अक्कांनी गाडीकडे पाहिलं, पुन्हा ओट्यावर बसल्या आणि रस्त्याकडे बघू लागल्या.

"बस ना वेणू. गाडी ऊनी ना, दारशी उभी शे."

"हाई कोनी बी गाडी शे. मनी गाडी येई."

हे आठ-दहा दिवस चाललं. आबांनी हॉर्न वाजवून पाहिला, गाडी बाहेर नेऊन पुन्हा आत आणून पाहिली, सीटवर अक्कांची उशी ठेवून पाहिली. त्यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. एका सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा आबा नव्याकोऱ्या निळ्यावर पाणपेपर घासत होते. ड्रायव्हरच्या बाजूचं दार. युसूफ मिस्त्री डोक्याला हात लावून उभे.

"अरे आबा, शीशे जैसा काम है! क्यों बिगाडता है?"

"हिरवा मार."

"निळा था, तूने खुद देखा ना? नीचे से निळा निकला!"

"निघना ना. मी काय म्हनस नव्हता म्हनून? तिले हिरवा दिसना, तं हिरवा मार. एक दार मारी दख. तिन्ही हा म्हनी तं बठ्ठी गाडी मारसूत."

त्या दिवशी त्या एका दाराला केळीच्या कोवळ्या पानासारखा हिरवा रंग लागला. अक्कांनी ते दारही पाहिलं. "हा हिरवा असाच व्हता," त्या म्हणाल्या. आबांचा चेहरा उजळला. मग अक्का म्हणाल्या, "पन गाडी ती नही," आणि आत गेल्या.

रविवारी कल्पनाताई आली. थंडी संपत आली होती, म्हणून तिने गोधड्या उन्हात टाकायला मोठी पेटी उघडली. पेटीच्या तळाशी हळदीचं लुगडं होतं. घडीघडीवर विरलेलं, पण पिवळेपणा तसाच. अक्का जवळच बसल्या होत्या. त्यांनी ते ओढून घेतलं, उलगडलं, डोक्यावर टाकलं आणि पदर हनुवटीपर्यंत ओढला. हाताला सगळं आठवत होतं. तशाच त्या उठल्या, भिंतीला धरत ओट्यावर आल्या आणि थांबल्या.

"ऊनी का गाडी?" त्या म्हणाल्या. "सांगानं तरी कोनी. मी कव्हानी वाट दखी राहिनू."

अंगणात तीच गाडी होती. कल्पनाताई आईशेजारी वाकली, आईच्या पदराचं टोक स्वतःच्या डोळ्यांवर धरलं आणि त्यातून गाडीकडे पाहिलं. "आबा," तिने हाक मारली, "इकडे या. ह्यातून बघा."

आबा आले. बायकोच्या पदराखाली डोकं घातलेला सत्तरीचा माणूस पाहून समोरच्या गच्चीवरून कोणी तरी ओरडलं, "आबा, दुसरं लगीन का?" आबांनी ऐकलं नसावं. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. लुगड्यातून निळ्याचा हिरवा झाला होता. सायीचा पिवळा.

बाहेर आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. "खोटं नव्हती बोलत ती," ते म्हणाले. "जे दिसनं तेच सांगे. मीच दार खराब कर्‍हं."

गाडीचे कागद केव्हाच संपले होते. चोपड्याला जाणं शक्य नव्हतं, हायवेला चढणंही नाही. कॉलनीच्या मैदानाला वळसा घालून परत यायचं, एवढंच होतं. अक्का चढल्या. मला बघून म्हणाल्या, "तू करवली ना? बस मनाजोगे." मनाजोगे म्हणजे माझ्याजवळ; म्हणून मी मध्ये बसले. उजवीकडे आबा. त्यांनी लगेच चावी फिरवली नाही. आधी स्टिअरिंगवर हात ठेवून गाडीशी काहीतरी पुटपुटले, मग चावी फिरवली. गाडी उठली.

मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती, ती थांबली. आबा दुसऱ्या गेरच्या वर गेले नाहीत. मी मध्ये अंग चोरून बसले होते. आबांची नजर रस्त्यावर होती, पण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ते वाट बघत होते.

मैदानाच्या कोपऱ्यावर खड्डा आला. पदराआडून आवाज आला, "ड्रायव्हर भाऊ, हळू चालाडा."

आबांनी गाडी जवळजवळ थांबवलीच. माझ्या पलीकडे वाकून म्हणाले, "वेणू. मी शे ना. हिलाल."

पदर हलला नाही. थोड्या वेळाने अक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "नवरदेवनं नाव लेस तो. त्याले सांग, असं नाव नको लेऊ."

आबांनी गाडी पुन्हा पुढे घेतली. घराशी आल्यावर ते उतरले, वळसा घालून आले, दार उघडलं आणि जरा लांब उभे राहिले. अक्का उतरल्या. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी घराकडे बघून "हाई नही" असं म्हटलं नाही. उंबऱ्याशी थांबल्या आणि पदराआडून हळूच विचारलं, "भाऊ, नवरदेव कोठे शे?"

कल्पनाताईने तोंडाला पदर लावला. आबा खाली बघत होते. मग म्हणाले, "यी राहिना, वहिनी. मांगून यी राहिना."

दुसऱ्या दिवशी आबांनी फेटा बांधला. मला वाटतं, रात्रभर त्यांनी त्याचाच विचार केला असावा. गाडी युसूफ मिस्त्रींनी चालवली, आबा मागून चालत आले, आणि उंबऱ्याशी जाऊन अक्कांसमोर उभे राहिले. अक्कांनी फेटा पाहिला. पदर आणखी खाली ओढला, अंग चोरून भिंतीकडे तोंड फिरवलं. आबा बोलले, विचारलं, पाणी आणून दिलं. नव्या नवरीसारख्या त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. दिवा लागेपर्यंत नाही, जेवतानाही नाही. दोन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी आबांनी फेटा खुंटीला अडकवला आणि चावी उचलली.

मी विचारलं नव्हतं, तरी ते मला म्हणाले, "नवरदेव व्हयनू का बोलत नही ती. लाजस. ड्रायव्हर व्हयनू का निदान 'हळू चालाडा' म्हनस." चावी बोटाभोवती फिरवली. "बोलस ना. तितलं पुरे."

पुढचं वर्षभर संध्याकाळी मैदानाला फेरी होत राहिली, मध्ये करवली म्हणून मी. हिरवं दार तसंच राहिलं. युसूफ मिस्त्रींनी कितीदा म्हटलं, निळा मारून देतो, नजरेला खटकतं. आबा म्हणत, ऱ्हाऊ दे.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खोली सोडली. आबांनी रिक्षावाल्याला गल्लीतून गाडी मागे घ्यायला लावली, "येऊ द्या, येऊ द्या" केलं, माझी ट्रंक स्वतः ठेवली. अक्कांच्या पाया पडले तर त्यांनी विचारलं, "तू कोना गावनी?" मी गावाचं नाव सांगितलं. "मना माहेरशेजारनं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग आबांकडे वळले. ते म्हणाले, "पहिला गेर टाक. जाय."

त्या रात्रीपुरती मी मैत्रिणीकडे थांबले होते; खोलीत काही विसरलं होतं म्हणून संध्याकाळी तिच्याकडून पुन्हा रिक्षाने त्या बाजूला गेले. मैदानाच्या वळणावर समोरून पिकअप येत होती. अगदी हळू, मागे दोन मोटारसायकली हॉर्न वाजवत होत्या. वर साय, खाली निळा, आणि माझ्याकडच्या बाजूला ते एकटं हिरवं दार. दारावर आबांचं कोपर टेकलेलं. पलीकडे पिवळा पदर, आणि आता मध्ये करवलीची जागा रिकामी. मी हात हलवला. आबांनी मला पाहिलं. स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली, समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला दाखवतात तशी. त्यांना हात हलवता आला असता, पण त्याच वेळी पदर त्यांच्या दिशेने जरासा वळला होता, ओठ हलले होते, आणि आबा सगळं सोडून, पुढचा रस्तासुद्धा सोडून, ते ऐकायला तिकडे झुकले होते.